तीन सेकंदांची ओळ

आदर्शचा फोन आला तेव्हा निलेश मोकल केळं खात होता, आणि फोन संपल्यावर उरलेलं अर्धं केळं हातात तसंच धरून तो खुर्चीत बसून राहिला. आदर्श म्हणजे त्याचा पुण्यातला मॅनेजर. वयाने लहान, बोलायला गोड, वाईट बातमीसुद्धा वाढदिवसाच्या सुरात सांगणारा. "निलेश, मनस्वीला आपण कन्फर्म करत नाही आहोत. तिच्या त्या एका पॅचवर तुझ्या तपासणीच्या सात फेऱ्या झाल्या. कमिटी म्हणाली, साध्या कामात एवढ्या चुका, तर मुलगी ठेवायची कशाला? संध्याकाळी एचआरचा मेल जाईल तिला. तू पेणला आहेस ना? मग एक काम कर ना यार, रोह्याला जाऊन तिच्याकडचा लॅपटॉप आणि टेस्टचा बोर्ड घेऊन ये. कुरियरची भानगड नको. आत्ता काही बोलू नकोस तिला, अपडेट करायचंय म्हणून सांग." निलेश म्हणाला, "हो." एवढंच म्हणाला. खाली गणपतीच्या कारखान्यात रंग फवारायचा कॉम्प्रेसर धडधडत होता, त्याची थरथर रोजच्यासारखी फरशीतून पायांत येत होती, आणि कानाच्या पाळ्या मात्र उगीचच तापल्या होत्या. शिल्पा, त्याची बायको, दारातून डोकावली. "कोणाचा फोन?" "ऑफिसचा." "मग तोंड का असं झालंय?" "काय नाय." घरात तो 'काय नाय' म्हणतो, ऑफिसात 'काही नाही'. हा फरक त्याने इतकी वर्षं इतक्या काळजीने सांभाळला होता की आता झोपेतसुद्धा चुकत नसेल.

निलेश मोकल माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटायला बरीच जागा आहे. बाप मिठागरात राबला, पाय खारात कुजवून याला इंजिनियर केला, आणि हा पुण्याला गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये 'नाय, तसा नाय हाय' असं बोलून बसला. कोणी वाईट हसलं नाही. एक मुलगी नुसती हसली, प्रेमाने हसली म्हणा ना, "किती गोड बोलतोस रे!" पण त्या गोडपणाची चव त्याच्या जिभेवर बसली ती बसलीच. त्या दिवसापासून निलेश तोलून बोलू लागला, आणि तोलून बोलणारा माणूस हुशार वाटतो, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. प्रश्न आला की तो जरा थांबे, भुवई उचले, "बघायला लागेल" म्हणे. लोक म्हणत, खोल आहे हा. आता खोल म्हणजे काय, आणि आत पाणी किती, हे कोण वाकून बघतंय?

मोटरसायकल वडखळच्या पुढे आली. हायवे उकरलेला, धूळ दाताखाली येणारी. बॅग पाठीला. बॅग रिकामी होती, आणि परत येताना तिच्यात काय असणार हे आठवलं की तिचं नसलेलं वजन खांद्याला कळत होतं. तिला मेल येईल, ती एकटीच वाचेल. की बापाला वाचून दाखवेल? आपण तोवर घरी पोचलेले असू. शिल्पा म्हणेल, पोह्याचे पापड तळू का? आपण म्हणू, तळ.

सगळं त्या एका ओळीवर उभं होतं. निलेशची कंपनी नेटवर्कचे डबे बनवते. त्या डब्यात केबल खोचली की हिरवा दिवा लागतो, पण तो लागायच्या आधी तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रं आपसात बोलणी करतात, अगदी लग्नासारखी. मला एवढा वेग जमतो, तुला किती? मला एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं, तुला येतं का? मग दोघांनाही झेपेल त्यातलं चांगलं ते ठरतं. या बोलण्यांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि त्यातला तो भाग निलेशने लिहिलेला. तो नवीन होता तेव्हा एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या समोर घात झाला. केबल काढून परत खोचली की डबा उठेचना. तार नीट, दिवा हिरवा, आणि प्रोग्रॅम म्हणतोय, लिंक तुटलेली आहे. सगळ्यांचे चेहरे पडले. निलेशने घाईघाईने एक ओळ घातली: लिंक नसेल तर तीन सेकंद थांब आणि परत बघ. डबा उठला! टाळ्या वाजल्या, कोणीतरी वडापाव मागवले, साहेबांनी पाठीवर थाप मारली. का उठला, हे कोणी विचारलं नाही आणि निलेशला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, चिपला दम लागत असेल. पुढे तो 'लिंकवाला निलेश' झाला. लिंकचं काही असलं की निलेशला विचारा. पगार वाढला, पेणला फ्लॅट झाला, घरून काम करायची परवानगी मिळाली ती त्याच नावावर. आणि जगभर कुठे कुठे ते डबे केबल बसली तरी तीन सेकंद गप्प बसत राहिले.

नागोठण्याला त्याने गाडी थांबवली. पाणी प्यायला म्हणून थांबवली, पण बाटली काढलीच नाही. मागच्या वर्षी मनस्वी हिलम नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांना पुण्याला बोलावलं होतं. कॅन्टीनमध्ये ती ताट घेऊन सरळ त्याच्या टेबलाशी आली, सगळ्यांसमोर, मोकळ्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही पेणचे ना? मी रोह्याची! कुंडलिकेच्या पलीकडची आमची वाडी हाय." ते 'हाय' कानावर पडलं आणि निलेशच्या पाठीतून कळ गेली. तो "हं" म्हणाला आणि आपलं ताट उचलून पलीकडच्या टेबलावर गेला. तिथे आधीच दाटीवाटी होती, त्याला अर्ध्या खुर्चीवर बसावं लागलं. काय गरज होती? दोन शब्द बोलला असता तर काय अंगाला भोकं पडली असती? आज एवढ्या दिवसांनी, नागोठण्याच्या नाक्यावर, त्याला ती अर्धी खुर्ची मांडीखाली जाणवली.

मग तिचा तो पॅच आला. ड्रायव्हरमध्ये बदल केला की तो आधी दुसऱ्याने तपासायचा असतो, आणि लिंकचा बदल म्हटल्यावर तपासणारा निलेशच. तिने तीन सेकंदांची ओळ काढून टाकली होती. वर नम्रपणे लिहिलं होतं, की केबल सुटली की चिपमधली एक खूण 'तुटलं' असं म्हणते, आणि कोणी येऊन ती वाचेपर्यंत तेच म्हणत राहते, मधल्या वेळात केबल परत बसली असली तरी. पहिल्यांदा विचारलं तर ती जुनं दुखणं सांगते, लगेच दुसऱ्यांदा विचारलं तर आताचं खरं सांगते. म्हणून दोनदा वाचावं, थांबायची गरज नाही. निलेशने ते वाचलं आणि त्याला काहीही कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण मन ते आत घेईना. इतकी वर्षं थांबण्याने काम होत नव्हतं, दुसऱ्यांदा विचारण्याने होत होतं? मग आपण कसले लिंकवाले? त्याने लिहिलं, "व्हेरिएबलचं नाव बदला." तिने बदललं. त्याच फेरीत पुढे होतं, "ओळ लांब झाली आहे." तिने तोडली. "समजावणी फार आहे, कमी करा." तिने केली. "आता अपुरी वाटते." तिने वाढवली. हे एक बरं असतं या धंद्यात. कळलं नाही की स्वल्पविराम धरून बसावं, वर लोक म्हणतात, किती बारीक नजर!

आणि हे इथवरसुद्धा चाललं असतं. न कळणं हा काही गुन्हा नव्हे. पण एका दुपारी शिल्पा माहेरी गेली असताना त्याने घरच्या बोर्डावर मनस्वीचं म्हणणं करून बघितलं. आपली ओळ काढली, दोनदा वाचलं, केबल उपसली, खोचली. दिवा लागला आणि प्रोग्रॅम त्याच क्षणी म्हणाला, लिंक आहे. परत केलं. परत तेच. त्याने किती वेळा केबल उपसली कोण जाणे, तिच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडली शेवटी. तेव्हा त्याला कळलं, स्वच्छ कळलं, हाताला कळलं. आणि मग तो खुर्चीत बसला, आणि त्या पोरीला त्याने लिहिलं, "तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा जास्त सुटली आहे." कळल्यानंतर लिहिलं! त्याच्या पुढच्या फेऱ्या सगळ्या कळल्यानंतरच्या. 'बरोबर आहे' हे दोन शब्द लिहिले असते तर पुण्यात कोणीतरी मागची ओळ कोणाची म्हणून बघितलं असतं, नाव निघालं असतं. त्या भीतीने त्याने तिला दोन तुकडे करायला लावले, मग एकत्र करायला लावले, मग परत दोन. ती प्रत्येक वेळी लिहायची, "हो सर, करते सर." त्या 'करते सर'ने त्याला दर वेळी जरा बरं वाटायचं. ते बरं वाटणं आठवून निलेशला गाडीवर बसल्या बसल्या स्वतःची शिसारी आली.

रोह्याचा पूल ओलांडला. धाटावच्या केमिकल कारखान्यांकडून तो आंबट, घशात बसणारा वास आला, कंपन्यांच्या बसगाड्या दुपारची शिफ्ट भरायला निघाल्या होत्या. वाडी रस्त्यापासून आत होती. घरकुलाची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीच्या भिंतीला लागून एक प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी अंगणात पुरलेला उंच बांबू. बांबूला दोरीने एक पिशवी अडकवलेली होती. मनस्वी बाहेर आली, तिचा चेहरा एकदम उजळला आणि मग तिने तो सावरला. "सर! तुम्ही? इथे?" "इकडे काम होतं," निलेश म्हणाला. "बोर्ड... जरा अपडेट करायचाय." खोटं इतकं सहज आलं की त्याची त्यालाच कमाल वाटली.

तिचा बाप, पोपट, डोकं पुशीत मागून आला. धाटावला ठेकेदाराकडे ड्रम हलवायच्या कामावर होता, शिफ्टचा डबा हातात तयार. "या सायेब, या. उनाचं आलाव. बसा, खुर्चीवं बसा. मने, चाय ठेव गो." तो स्वतः बसायला तयार होईना. "मी हितंच बरा. तुमचं नाव रोज असतं आमच्या घरात. मनी सांगते, सर अक्षर न् अक्षर बघतात, एक टिंब सोडत नाय. मी बोललो, असा माणूस भेटायला नशीब लागतं. आमच्या वाडीतली पोर, तिच्यावं एवढा टाईम कोन घालवतो?" निलेशने मान हलवली. मान हलवण्यापलीकडे काय करणार?

चहा आला. मनस्वीने आतून टेबल ओढत आणून दाराशी लावलं, त्यावर लॅपटॉप, बोर्ड, वायरींची गुंतवळ. "सर, आठवी फेरी पाठवू का? तुम्ही म्हणालात तसे दोन तुकडे परत केलेत. आधी बघता का इथेच?" आणि तो हो-नाही म्हणायच्या आत तिने केबल काढली आणि खोचली. दिवा लागला, स्क्रीनवर लगेच ओळ उमटली. पोपटने लहान मुलासारखी टाळी वाजवली. "लागला बघा! आदी टाईम लागायचा म्हनं. कोनीतरी थांबायचं लिवून ठेवलं होतं आत, उगाचच! कोन शहाना होता देवाला ठाव."

"बाबा," मनस्वी खालच्या आवाजात म्हणाली.

ती टेबलावरच्या वायरीकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. प्रत्येक ओळीमागे लिहिणाऱ्याचं नाव असतं, काढायच्या आधी तिने ते बघितलेलं असणारच. ठाऊक असून ती पहिल्या फेरीपासून गप्प होती, आणि आताही बापाला गप्प करत होती, या माणसाची लाज राखायला, जो तिचा लॅपटॉप घेऊन जायला आला होता. निलेशच्या कानशिलापासून मानेपर्यंत सगळं पेटलं. बापाच्या मिठागरात उन्हात उभं राहिलं की असं व्हायचं, पण तेव्हा टोपी तरी घालता यायची. तो उठला. "फोन करायचाय," म्हणाला.

"हितं रेंज नाय सायेब," पोपट म्हणाला. "बांबूवं ठेवायला लागतो, मनीचं नेटबी तिथनंच. मोठ्यानं बोलायचं, आवाज खोलून." निलेशने आदर्शचा नंबर लावला, स्पीकर चालू केला, आणि पोपटने फोन जपून घेतला, पिशवीत घातला, दोरीने वर ओढला. घंटी वाजायला लागली, सगळ्या अंगणाला ऐकू येईल अशी. निलेशला वाटलं, नको. दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणाहून करू, पुलावरून करू. पण पुलावर गेलो की आपण सरळ पेणला जाऊ, हे त्याला स्वतःबद्दल पुरतं ठाऊक होतं.

"बोल निलेश! घेतलास बोर्ड?"

"आदर्श, तो मेल थांबव. मनस्वीचा." मनस्वीने चटकन वर बघितलं. "तिची चूक नव्हती. पहिल्याच फेरीत तिचं बरोबर होतं."

"मग सात फेऱ्या कशाच्या?"

"मला कळलं नव्हतं. ती तीन सेकंदांची ओळ माझी आहे, ती पहिल्यापासून चुकीची आहे, आणि... आणि मग कळलं, तरी मी मुद्दाम लांबवलं. मना लाज वाटत होती. मिनी मुद्दाम केला." शेवटची दोन वाक्यं त्याच्या आईच्या भाषेत आली. पुण्याला ती भाषा त्या पहिल्या आठवड्यानंतर आजच ऐकू गेली.

बांबूवरून आदर्श हसला. मनापासून, कौतुकाने हसला. "अरे काय माणूस आहेस तू! मला माहितीये काय झालं ते. घरी गेलास, वडील बघितले, परिस्थिती बघितली, आणि विरघळलास. म्हणे मला कळलं नव्हतं! लिंकचं, तुला? कोणाला सांगतोयस?"

"आदर्श, खरंच सांगतोय. हवं तर लिहून देतो."

"लिहून दिलंस तरी कमिटी हेच म्हणणार, सीनियर माणूस सांभाळून घेतोय. राहू दे. तुझ्या शब्दाखातर मेल थांबवतो आणि तिचं प्रोबेशन वाढवतो. कन्फर्म नाही हं करता येणार, एवढ्या चुका रेकॉर्डवर आहेत. तिला म्हणावं, निलेश सरांमुळे राहिलीस, आता तरी नीट काम कर. चल, मीटिंग आहे." फोन बंद झाला.

निलेश खुर्चीत बसला. पोपटने डबा खाली ठेवला होता. त्याला सगळं कळलं नसेल, पण नोकरी जाणार होती आणि या माणसाने ती राखली, हे कळलं होतं. त्याचे डोळे भरले होते. "सायेब," तो हात जोडून म्हणाला, "माझ्या पोरीसाठी तुम्ही सोताला कमीपना घेतलाव."

"नाय हो, दादा. नाय. खरंच माझीच चूक हाय."

"मोठी मानसं असंच बोलतात."

"बाबा, सर खरं सांगतात," मनस्वी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, फार शांत होता. "माझं बरोबर होतं. पयल्यापासून बरोबर होतं. तरी माझ्या नावावं चुका राहिल्या."

"गप गो!" पोपट ओरडला, आणि मग लाजून निलेशकडे वळला. "पोर हाय सायेब, मनावर घेव नका. नोकरी राखली मानसानं आन् ही तोंड वर करून बोलते. मने, पाया पड आदी सरांच्या. पड बोलतो ना."

मनस्वी उभी राहिली. तिने निलेशकडे बघितलं, आणि बघत राहिली. त्याने काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती, त्याला ते उमगत होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण आता जे बोलेल त्याने तो या अंगणात आणखी मोठाच होणार होता, दुसरं काही व्हायची वाट उरली नव्हती. शिफ्टच्या बसचा हॉर्न रस्त्यावर वाजला. पोपट म्हणाला, "चल लवकर, मना जायचाय."

ती वाकली. निलेशने पाय मागे घ्यायला बघितलं, पण खुर्ची भिंतीला टेकलेली होती.